दरडोई एक गुंठा

तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. चालून मोजायचं तर मध्यम उंचीच्या माणसाची तेरा पावलं इकडे आणि तेरा तिकडे. एवढ्या जागेला आपल्याकडे गुंठा म्हणतात. १,०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एक एकर. मोशीपासून चाकणच्या पुढपर्यंत रस्त्याच्या कडेच्या पाट्यांवर हाच शब्द असतो, चहाच्या टपरीवर हाच शब्द असतो, भाऊबंदकीच्या कज्ज्यातही हाच. जमीन विकून गळ्यात जाड साखळी आणि दारात पांढरी गाडी आलेल्या माणसाला ‘गुंठामंत्री’ ही पदवी याच पट्ट्याने दिली.

पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द १८१ चौरस किलोमीटर. परवा बसल्या बसल्या मी तिचे गुंठे केले. आले १७ लाख ८९ हजार. शेजारी २०११च्या जनगणनेची लोकसंख्या लिहिली: १७ लाख २७ हजार. दोन्ही आकडे एकाखाली एक पाहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. माणसागणिक एक गुंठा! तलाठ्याला बसवून वाटप केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

लगेच खूश होऊ नका. हा गुंठा काही तुमच्या ताब्यातला नाही. त्यातूनच मुंबईचा आणि नाशिकचा रस्ता गेला, रेल्वे गेली, पवना-इंद्रायणी-मुळेचं पात्र गेलं, कारखान्यांचे प्लॉट गेले, शाळा, दवाखाने, स्मशान आणि मोशीचा कचरा डेपो गेला. उरलं त्यात तुमचं घर. आणि हे सगळं २०११चं. त्यानंतर माणसं वाढली, गुंठे तेवढेच राहिले.

मागे जाऊन पाहिलं की आकडा वेड लावतो. १९५१मध्ये या गावांची मिळून वस्ती पंचवीस-सव्वीस हजार होती. गावांच्या हद्दी तेव्हा वेगळ्या होत्या, पण ढोबळ हिशोबाला आजचीच हद्द धरली, तर माणशी अडुसष्ट गुंठे येतात, म्हणजे पावणेदोन एकरांच्या जवळपास. त्या साली जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला पाळण्यात असताना पावणेदोन एकर होते. तेच बाळ साठीला आलं तेव्हा त्याच्याकडे एक गुंठा उरला. मधे लढाई झाली नाही, पूर आला नाही. फक्त पाहुणे आले आणि ते परत गेले नाहीत.

पहिले पाहुणे १९५१च्या थोडं आधीच, फाळणीने आणले. सिंधमधून आलेली कुटुंबं पिंपरीत बराकींमध्ये उतरली, आणि अजूनही त्या भागाला ‘पिंपरी कॅम्प’ म्हणतात, जरी तिथे आता कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांतून अंग चोरूनच चालावं लागतं. १९५४मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. देशात पेनिसिलिन इथे बनू लागलं आणि त्याच्यासोबत झाडांच्या सावलीतली एचए कॉलनी आली. माळावर रांगेत उभी असलेली, एकसारखी, नंबर टाकलेली घरं या भागाने तेव्हा पाहिली. १९६२च्या ऑगस्टमध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच दशकात बजाज आणि टेल्को आल्या. १९७०मध्ये पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी या चार गावांची नगरपालिका झाली, १९८२मध्ये महापालिका झाली, १९९७मध्ये आणखी अठरा गावं आत आली. लोकसंख्या १९७१ला लाखाच्या आत होती. १९८१ला अडीच लाखांच्या घरात गेली. १९९१ला पाच लाख ओलांडले. २००१ला दहा लाख. शाळेतल्या मुलाने पाढा म्हणावा तशी दर दहा वर्षांनी दुप्पट.

आता या वाढीची घरं करू. १९७१ ते २०११ या चाळीस वर्षांत सोळा लाखांहून जास्त माणसं वाढली. दिवसाला एकशे अकरा. एका घरात साडेचार माणसं धरली, तर दिवसाला पंचवीस घरं. म्हणजे तासाला एक. रात्रीचे तीन वाजलेत, तरी एक. दिवाळीतला पाडवा आहे, तरी एक. चाळीस वर्षं, सुट्टी न घेता. बाहेरून आत घेतलेल्या अठरा गावांतली जुनी घरं यातून वजा करायला हवीत, मग हा वेग थोडा मंदावेल. पण तुम्ही हा लेख वाचून संपवाल तेवढ्या वेळात त्या हिशोबाने एका घराचं जोतं तरी नक्की भरून झालेलं असेल.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेच्या मधल्या भागात आयोवा नावाचं राज्य आहे, मक्याचं. त्याच्या ९९ काउंट्यांपैकी अ‍ॅडम्स काउंटी सर्वांत कमी वस्तीची. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखं काहीतरी. तिचं क्षेत्रफळ सुमारे अकराशे चौरस किलोमीटर, पिंपरी-चिंचवडच्या सहापट. २०२०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या निघाली ३,७०४. आपल्याकडे मोशीतल्या दोन मोठ्या सोसायट्या मिळून एवढी माणसं सहज भरतील. तिथे माणशी ७३ एकर येतात. गुंठ्यात २,९०० हून जास्त. एका माणसाला.

पण गंमत याहून पुढे आहे. ती काउंटी ज्या साखळीने मोजली, तिचंच अर्धं रूप आपल्या शेतातून फिरलं. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२०च्या सुमारास ६६ फुटांची साखळी रूढ केली. १७८५च्या कायद्याने अमेरिकेचा पश्चिमेकडचा मुलूख त्या साखळीने चौकटी चौकटींत कापला: सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा. आजही विमानातून तो प्रदेश बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. आपल्याकडे १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून जमीन मोजणी सुरू केली, तेव्हा हातात साखळी होती तेहेतीस फुटांची, सोळा आण्यांची. गुंटरची बरोबर निम्मी. तिच्या चौरसाला गुंठा म्हणतात. (गुंटर आणि गुंठा यांची नावं जुळतात म्हणून नातं जोडू नका, तो निव्वळ योगायोग.) त्या साखळीने तिकडे एक माणूस आणि भोवती मैलभर मका मांडला. इकडे तिच्या एका चौरसात काय काय मांडलं, ते आता बघू.

जुन्या माणसांना घर फुटात मोजायची सवय नव्हती. ते खणात मोजायचे. दोन खांबांच्या मधलं अंतर म्हणजे खण. पाच खणांचं घर, सात खणांचा वाडा. दगडी जोतं, मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, पुढे ओटा, मग सोपा, माजघर, धान्याचं बळद, मागे परसू. आणि गावाची जमीन दोनच रंगांत वाटलेली: पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. ‘पांढर’ म्हणजे गावठाण. पिढ्यान्‌पिढ्या राहून, भिंती पडून आणि पुन्हा उभ्या राहून तिथली माती फिकी झालेली. त्याच मातीने पुन्हा भिंती लिंपायच्या, धाबं भरायचं. गाव फार वाढायचं नाही, कारण काळीवर घर बांधणं म्हणजे ताटात पाय देण्यासारखं. भोसरी, चिखली, वाकड, चऱ्होली, सगळ्यांची पांढर काही एकरांत मावायची. बाकीची शेकडो एकर काळी.

गेल्या साठ वर्षांत या पट्ट्यात काळीची पांढरी झाली. (काळ्याचं पांढरं करण्याचा दुसरा उद्योगही याच व्यवहारांत जोरात चालला, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) आणि ही गोष्ट नुसती अलंकाराची नाही, शब्दशः खरी आहे. वीट कशाची होते? शेतातल्या मातीची. एका साध्या घराला भिंतींसाठी आठ हजार विटा धरू. २०११पर्यंतची चार लाख घरं म्हणजे ३२० कोटी विटा. नऊ इंची वीट एकापुढे एक ठेवली तर ओळ होईल ७ लाख ३० हजार किलोमीटर. चंद्र इथून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. तेव्हा ओळ चंद्रावर पोचेल, वळेल, आणि परत येताना घर थोडंसं राहिलं असताना संपेल. तेवढ्या विटांना माती लागेल पंचावन्न लाख घनमीटर, म्हणजे अख्ख्या शहराच्या दहाव्या हिश्शावरून फूटभर काळी खरवडून काढावी एवढी. अलीकडे राखेच्या विटा आणि ब्लॉक आले, उंच इमारतींत तर वीटच नाही, नुसतं काँक्रीट ओततात. म्हणून हिशोब ढोबळच. पण पवना-इंद्रायणीच्या काठची माती कुठे गेली असं कुणी विचारलं, तर वर बघायला सांगा. दुसऱ्या मजल्यावर, तिसऱ्या मजल्यावर गेली.

या पट्ट्यात खोली बांधून दिल्याची मला माहीत असलेली सर्वांत जुनी लेखी नोंद चिंचवडची नाही आणि चाकणचीही नाही. जुन्या मुंबई रस्त्याने देहूरोड ओलांडलं की सोमाटण्याच्या अलीकडे घोरावडेश्वराचा डोंगर लागतो. शेलारवाडीची लेणी ती. तुकोबांचं नाव या डोंगराशी जोडलेलं आहे, श्रावणी सोमवारी तिथे रांग लागते. पण लेणी त्याहून फार जुनी, बौद्ध भिक्खूंची. तिथल्या एका ब्राह्मी शिलालेखात लिहिलंय की धेनुकाकट इथे राहणाऱ्या, नांगर धरणाऱ्या उसभणक नावाच्या कुणब्याच्या बायकोने, सिअगुतणिकेने, हे लेणं दान दिलं. राजा नाही, व्यापारी नाही, शेतकऱ्याची बायको. सतराअठराशे वर्षांपूर्वी या बाईने डोंगरात खोदून घेतलं, परक्या माणसांना पावसाळ्यात राहता यावं म्हणून.

आज चाकणच्या भोवती खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, कुठल्याही गावात जा. शेतकऱ्याच्या घरामागे खोल्यांची रांग आहे आणि महिन्याच्या पाच-सात तारखेला भाड्याची वही घेऊन बहुतेक वेळा घरातली बाईच फिरते. रूम, डिपॉझिट, लाईट बिल वेगळं, पाणी एक दिवसाआड. लेण्यातल्या भिक्खूची कोठडी साधारण सात-आठ फूट लांबीरुंदीची, आत दगडी ओटा, झोपणारा एक. ही खोली दहा बाय दहा. झोपणारे किती, ते बाहेर काढलेल्या सेफ्टी बुटांवरून मोजावं.

एका गुंठ्यावर किती बसतात? जिना, बोळ आणि सामाईक संडास सोडून एका मजल्यावर दहा बाय दहाच्या सात खोल्या मांडता येतात. तळमजला आणि वर तीन असे चार मजले. अठ्ठावीस खोल्या. खोलीत चार जण म्हणजे एकशे बारा माणसं. शहराची सरासरी एका गुंठ्यावर एक, आयोवात एका माणसाला एकोणतीसशे गुंठे, आणि इथे एका गुंठ्यावर एकशे बारा.

ते एकशे बारा एका वेळी झोपत नाहीत, म्हणूनच मावतात. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. एक उठतो तेव्हा दुसरा कंपनीच्या बसमधून उतरत असतो. गादी थंड होत नाही. सहा फूट बाय तीन फुटांची जागा म्हणजे अठरा चौरस फूट. तीन पाळ्यांच्या तिघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा. जुना गुंठा सोळा आण्यांचा, जुना आणा बारा पयांचा. त्या हिशोबाने या पोरांच्या वाट्याला जमिनीची जेमतेम एक पई येते.

आता शेजारच्या भिंतीपलीकडे पाहा. चाकणमधल्या फोक्सवागनचा कारखाना सुमारे ५७५ एकरांवर, महिंद्राचा सुमारे ७०० एकरांवर. दोघांचे मिळून एक्कावन्न हजार गुंठे. २०११च्या जनगणनेत चाकण गावाची सगळी लोकसंख्या ४१ हजार होती. दोन कारखान्यांकडे गावातल्या माणसांपेक्षा जास्त गुंठे. यात मी कुणाला दोष देत नाही. गाडी जोडायला जागा लागते, चाचणीचा रस्ता लागतो, ट्रक उभे करायला माळ लागतो. पण गाडीसाठी जागा आखताना ती जोडणाऱ्याच्या झोपण्याची जागा नकाशात कुणी धरली नव्हती. ती गावातल्या वहिनींनी शोधून दिली.

चाकणला माणसांची दाटी नवी नाही म्हणा. गावात संग्रामदुर्ग आहे. हा भुईकोट, डोंगराचा आधार नाही, सपाट जमिनीवर उभा. पुणे गॅझेटिअरने त्याच्या खंदकाची मापं दिली आहेत: तीस फूट रुंद, पंधरा फूट खोल. १६६०च्या जूनमध्ये शाहिस्तेखान वीस हजारांच्या फौजेनिशी या किल्ल्यापुढे आला. आत फिरंगोजी नरसाळा आणि तीनशे-साडेतीनशे मावळे. एकास साठ. वेढा चालला पंचावन्न-छप्पन दिवस, ऐन पावसाळ्यात. शेवटी भुयार खणून, सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा कुठे ऑगस्टच्या मध्यावर किल्ला पडला. मोगलांचे २६८ ठार आणि सहाशे जखमी. त्या किल्ल्याचे आज थोडे एकर उरलेत: काही तट, काही बुरूज, आणि चहूबाजूंनी घरं. ज्या खंदकाने खानाला सात-आठ आठवडे थोपवलं, तो घरांनी सहज ओलांडला. आणि सध्या कुणी विचारलंच की चाकणला वेढा कोण घालतंय, तर संध्याकाळी सहा वाजता तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात उभं राहावं. फिरंगोजीलाही बाहेर पडता आलं नसतं.

चिंचवडमध्ये पवनेच्या काठी मोरया गोसावींचं समाधिमंदिर आहे. त्यातल्या शिलालेखात बांधकाम कधी सुरू केलं आणि कधी संपवलं, दोन्ही कोरलंय: शके १५८०च्या कार्तिकात आरंभ, पुढच्या आषाढात पूर्ण. आठ महिने. साडेतीनशे वर्षांपूर्वी, दगडात, ताब्याची तारीख कोरून ठेवणारा बांधकामदार! आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने याच पट्ट्यात घर बुक केलं तेव्हा मुलगी बालवाडीत होती. किल्ली मिळाली तेव्हा ती सातवीत गेली होती. जवळच मंगलमूर्ती वाडा आहे, आणि गावठाणात चापेकरांचा वाडा. १८९७मध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणारे ते भाऊ इथले. तो वाडा जपला, दुरुस्त केला, म्हणून आज कळतं की सोपा म्हणजे काय आणि खण कसा दिसतो. बाकीच्या गावठाणांत कुठे एखादी दगडी दिंडी, कुठे मातीत अर्धा गाडलेला वीरगळ, आणि त्याला टेकून उभी केलेली दुचाकी. माझ्या मते जुन्या घरांचा खरा शत्रू हातोडा नव्हता. चार भाऊ, आठ पुतणे आणि एक सातबारा, यांनीच वाडे पाडले. पाच खणांच्या घराचे आठ वाटे केले की एक खणसुद्धा कुणाला येत नाही. मग सगळे मिळून बिल्डरकडे जातात.

शहर आखायचा प्रयत्न झालाच नाही असं म्हणता येणार नाही. १९७२च्या मार्चमध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, दहा गावांच्या जमिनींवर बेचाळीस पेठा आखल्या गेल्या. निगडी प्राधिकरणात आजही रस्ते काटकोनात वळतात, झाडं आहेत, बंगल्यांना कुंपण आहे. आयोवाच्या चौकटीची किंचित आठवण इथे येते. आणि ज्यांची काळी गेली ते शेतकरी? त्यांची मागणी साडेबारा टक्के परताव्याची. एकराचा हिशोब केला तर साडेबारा टक्के म्हणजे बरोबर पाच गुंठे. चाळीस गेल्यावर पाच मागत एक पिढी म्हातारी झाली, आणि २०२१मध्ये प्राधिकरणच विसर्जित झालं. उरलेला कारभार महापालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) यांच्यात वाटला गेला.

प्राधिकरणाच्या चौकटीत जे मावले नाहीत ते बाहेर वसले. शेतकऱ्याने गुंठा-दोन गुंठे विकायचे, दहा-अकरा जणांनी मिळून एकाच सातबाऱ्यावर नावं चढवायची, किंवा नुसतं साठेखत आणि नोटरी करून विटा आणायच्या. १९४७मध्ये तुकडेबंदीचा कायदा आला. त्याने तुकडे थांबले नाहीत, फक्त कागद थांबले. मग २००१मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आणावा लागला. पुढे महापालिकेने अनधिकृत बांधकामं मोजली तेव्हा आकडा निघाला ६६ हजारांच्या वर. त्यांच्यावर शास्तीकर लागला, पंधरा वर्षं त्यावर निवडणुका लढवल्या गेल्या, आणि २०२३मध्ये तो माफ झाला. जे गिरणीतल्या पगारातून मुंबईत चाळीच्या खोल्यांचं झालं, तेच इथे वर्कशॉपच्या पगारातून गुंठ्याचं झालं. फरक इतका की चाळ मालकाची होती. हा गुंठा, कागदावर नसला तरी, आपला होता.

सरकारी घरांचा आकडा या सगळ्यापुढे लहान दिसतो. चिखलीत महापालिकेचा घरकुल प्रकल्प आहे, सात-सात मजली इमारती, एकेका इमारतीत बेचाळीस घरं. आधी ठरली १३,२५० घरं, शेवटी झाली ६,७२०. आपल्या तासाला एका घराच्या हिशोबात एवढी घरं शहराला नऊ-साडेनऊ महिने पुरतात. तिकडे शहरात झोपडपट्ट्या एकाहत्तर.

पाडायचा वेग मात्र बांधण्याला मागे टाकतो. फेब्रुवारी २०२५मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने भंगाराची गोदामं, पत्र्याची शेड आणि वर्कशॉप मिळून चार हजारांहून जास्त बांधकामं पाडली. क्षेत्र आठशेहून जास्त एकर. गुंठ्यात बत्तीस हजारांच्या वर. लागले आठवडाभर. त्याच वर्षी मे महिन्यात, चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले न्यायालयाच्या आदेशाने भुईसपाट झाले. झोपडी असो की बंगला, नदीने आपले गुंठे सोडलेले नाहीत, एवढं त्या दिवशी कळलं. घेताना हे कुणी सांगत नाही.

आता सुरुवातीच्या हिशोबाकडे. माणशी एक गुंठा हा आकडा २०११चा, म्हणजे जुना झालेला. २०२१ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख आहे १ मार्च २०२७. त्या दिवशी पिंपरी-चिंचवडच्या वाट्याचा गुंठा किती आण्यांवर आला ते ठरेल, आणि चाकणचा ४१ हजारांचा आकडा किती शिळा झाला होता तेही. पाण्याची लाईन, रस्त्याची रुंदी, रेशनचं दुकान, शाळेच्या तुकड्या, सगळं त्या आकड्यावरून आखलं जाणार आहे. तेव्हा खोल्या भाड्याने देणाऱ्या वहिनी, काकू, मामा, तुम्हाला एक विनंती. प्रगणक दारात आला की ‘चौघे राहतात’ असं म्हणून मोकळे होऊ नका. आत झोपलेल्यांची नावं सांगा, आणि जो रात्रपाळीला गेलाय त्याचंही सांगा.